गोठ्याच्या जागी घर: ठाणे-नवी मुंबईच्या गावांत परवानगी कशी मिळवायची

गोठ्यात गुरं नाहीत, खळ्यावर गवत माजलंय, पोल्ट्रीची शेड रिकामी पडून आहे आणि घरात दोन भावांचे संसार दाटीवाटीने चाललेत. मग ओटीवर बसलेलं कोणीतरी म्हणतं, "बांधकाम तर उभंच आहे ना? त्याच जोत्यावर घर चढवू." पुढचा सगळा घोळ या वाक्यातून सुरू होतो. गोठा तीस वर्षं उभा असला म्हणून तिथे घर बांधायचा हक्क तयार होत नाही. परवानगी देणारा अधिकारी पत्र्याचं छप्पर बघत नाही, त्याखालची जमीन बघतो. ती कोणाच्या हद्दीत, गावठाणात की बाहेर, आराखड्यात कोणत्या पट्ट्यात आणि सातबाऱ्यावर काय लिहिलंय, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेतइमारत' या शब्दाची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण किंवा पीक ठेवण्यासाठी, गुरं बांधण्यासाठी, तसंच खातेदाराचं कुटुंब, नोकर किंवा कूळ यांना राहण्यासाठी शेतजमिनीवर उभारलेलं बांधकाम म्हणजे शेतइमारत. राहण्याचाही त्यात समावेश असल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की वेगळी परवानगी लागतच नाही. पण हे राहणं शेतीला जोडलेलं असायला हवं. तीन भावांची तीन स्वतंत्र घरं, भाड्याच्या खोल्या किंवा विकायचे बंगले उभे केले की ती शेतइमारत राहत नाही, तो बिनशेती वापर होतो. शिवाय पालिकांच्या हद्दीत आणि मोठ्या शहरांच्या आसपास शेतइमारतीलाही मोकळीक नाही, आकाराच्या मर्यादा आणि परवानगी दोन्ही लागतात.

आधी हद्द बघा

चुकीच्या कार्यालयाचा शिक्का म्हणजे शिक्का नसल्यासारखाच. ठाणे जिल्ह्यात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी नियोजन प्राधिकरणं, म्हणजे बांधकामाला परवानगी देणाऱ्या यंत्रणा, असू शकतात.

बाळकुम, कोलशेत, ओवळा, शीळ, देसाई ही गावं ठाणे महापालिकेत येतात, तिथे पालिकेचा शहर विकास विभाग. घणसोली, गोठिवली, तुर्भे, शिरवणे, करावे या गावांसाठी नवी मुंबई महापालिकेचा नगररचना विभाग. दहिसर-पिंपरी-नागाव भागातली चौदा गावं २०२४ मध्ये नवी मुंबईकडे गेली. त्या गावांत जुन्या ग्रामपंचायतीचे दाखले अजून घराघरात आहेत. कर भरल्याचा पुरावा म्हणून ते जपून ठेवा, पण नव्या बांधकामाला ते चालणार नाहीत. प्रस्ताव कोणाच्या टेबलावर द्यायचा हे आधी लेखी विचारून घ्या.

भिवंडीभोवतालची साठ गावं ही फसगतीची खरी जागा आहे. गाव ग्रामीण, ग्रामपंचायत चालू, सरपंच ओळखीचे. पण नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तिथे ग्रामपंचायतीच्या ठरावावर बांधलेलं घर कागदावर अनधिकृतच राहतं.

मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतल्या बाकीच्या गावांत गावठाणाबाहेरचं बांधकाम जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतं आणि नकाशा नगररचना विभागाच्या ठाणे शाखेकडून तपासला जातो. मुरबाड आणि शहापूर या गावांना स्वतःच्या नगरपंचायती आहेत, हे विसरू नका.

नवी मुंबईच्या मूळ गावांत आणखी एक गाठ आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली, त्यामुळे गावठाणाच्या रेषेला लागून असलेला 'आपला' गोठा पुष्कळदा सिडकोच्या नावावरच्या जमिनीवर उभा असतो. ज्यांना सगळे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, ती याच जमिनीवर आहेत. अशा जागी आधी जमिनीचा हक्क नियमित करून घ्यायचा, नकाशा त्यानंतर. जमीन सिडकोची आणि नकाशा पालिकेत दिला, तर पहिल्याच छाननीत मालकीच्या मुद्द्यावर तो परत येतो, आणि आर्किटेक्टचे पैसे गेलेले असतात.

गावठाणात की बाहेर?

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. मधला घट्ट भाग म्हणजे गावठाण. त्यातल्या जागांना सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका असते. ड्रोन मोजणीच्या स्वामित्व योजनेत बऱ्याच गावठाणांच्या पत्रिका नव्याने तयार झाल्या आहेत. तुमची तयार असेल तर तिच्यातलं क्षेत्र, चतुःसीमा आणि नावं डोळ्यांत तेल घालून वाचा. गोठा, मागची पडवी आणि उकिरड्याची जागा अशा तीन तुकड्यांपैकी एखादा 'ग्रामपंचायत' किंवा 'शासन' म्हणून नोंदला गेल्याचं हमखास सापडतं. हे आत्ताच दुरुस्त करून घ्या, बांधकामाच्या मध्यावर ते जमत नाही.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा. ग्रामपंचायतीचा 'आठ नंबरचा उतारा' म्हणजे घरपट्टीची आकारणी. कर कोण भरतो हे त्यावरून कळतं, जमीन कोणाची ते नाही. गोठ्याची आठ नंबरला नोंद असली तर बांधकाम जुनं असल्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, एवढंच.

नियोजन प्राधिकरण नसलेल्या गावांत छोट्या घराचं काम बरंच सोपं झालंय. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फूट असेल, तर मालकीचा कागद, नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला ग्रामपंचायत शुल्क कळवते आणि ते भरल्यावर परवानगी देते. त्यापुढे नगररचना विभाग आलाच. महापालिकांतही १५० आणि ३०० चौरस मीटर हेच टप्पे आहेत: पहिल्यात शुल्काची पावती हीच परवानगी, दुसऱ्यात दहा दिवसांत निर्णय. पण याचा अर्थ नियम माफ झाले असा नाही. नकाशा चुकला तर पावती हातात असूनही बांधकाम अनधिकृत ठरतं, आणि दाखल्यावर सही करणारा अभियंताही अडकतो. म्हणून "सही करून देतो, नकाशा नंतर बघू" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

गावठाणाबाहेर असाल तर पुढचा प्रश्न अंतराचा. महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेत ती विकसनयोग्य पट्ट्यात असेल तर, निवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जातं. त्या वेळी लागू असलेला कर, आकारणी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) भरायचा आणि लागत असेल तर तहसीलदारांकडून सनद (बिनशेती वापराचा दाखला) घ्यायची. अंतिम विकास आराखडा असलेल्या भागासाठी अशीच तरतूद कलम ४२-ब मध्ये आहे. बिनशेतीच्या या तरतुदी गेल्या काही वर्षांत सतत सोप्या केल्या जात आहेत, त्यामुळे अर्ज देण्याच्या आठवड्यात तहसीलमध्ये चालू परिपत्रक बघूनच पैसे भरा.

दोन ठिकाणी लोक चुकतात. २०० मीटर गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीपासून मोजायचे, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. गावं वाढत गेली, गावठाणाची रेषा मात्र जिथल्या तिथेच आहे. आणि बिनशेती म्हणजे बांधकाम परवानगी नाही. बिनशेती जमिनीच्या वापराची, नकाशा बांधकामाचा, दोन्ही वेगळे.

झोन दाखला

सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मागवा. शुल्क किरकोळ आहे, आणि सगळ्या कागदांत हाच आधी काढावा. त्यावर निवासी पट्टा, हरित किंवा शेती पट्टा, आरक्षण, प्रस्तावित रस्ता, सगळं दिसतं. अर्ध्या गोठ्यावरून आराखड्यातला रस्ता जात असेल तर उरलेल्या जागेत घर बसतं का, हे त्या दिवशीच कळतं.

दाखल्यात सगळं येत नाही, काही गोष्टी वेगळ्या तपासायला लागतात. दिवाळे, सारसोळे किंवा कळवा-मुंब्रा खाडीकाठच्या गावांत भरतीरेषेपासूनची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मर्यादा, आणि १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन जवळ असेल तर त्याभोवतीचे ५० मीटर. येऊरला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. दिघा, ऐरोली, पडघा या पट्ट्यांत उच्च दाबाच्या वाहिन्या. ११ केव्हीपेक्षा जास्त आणि ३३ केव्हीपर्यंतच्या तारेपासून उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं २ मीटर सोडावं लागतं. त्यापुढे दर वाढीव ३३ केव्हीला ०.३ मीटर वाढतं. गोठा तारेखाली चालून गेला होता कारण तो दहा फुटांचा होता. त्याच जागी मजल्याचं घर गच्चीसकट तारेच्या अंगावर जातं.

पट्टा शेतीचा निघाला तर? मग शेतघराचा रस्ता उरतो. किमान ०.४ हेक्टर जमीन लागते. चटईक्षेत्र ०.०३७५, म्हणजे ४,००० चौरस मीटरला १५० चौरस मीटर बांधकाम, आणि जमीन कितीही मोठी असली तरी कमाल ४०० चौरस मीटर. १० गुंठ्यांच्या तुकड्यावर हे बसत नाही. एका भावाच्या घरासाठी हा मार्ग ठीक आहे, तीन-चार घरांच्या वाडीसाठी नाही.

सातबारा: उजवीकडचा रकाना

क्षेत्र सगळेच बघतात. 'इतर हक्क' कोणी वाचत नाही, आणि प्रकरण तिथेच अडतं.

समजा सातबाऱ्यावर क्षेत्र ०.१४.५० आहे. हे हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने वाचायचं: १४ आर ५० चौरस मीटर, म्हणजे १,४५० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असल्याने गुंठे जेमतेम सव्वाचौदा. यात पोटखराब (लागवडीला न येणारा भाग) ०.०१.०० वेगळं दाखवलं असेल तर जागेवर तो भाग ओढ्याचा आहे, पायवाटेचा आहे की गोठ्याचाच, ते बघा. मग भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन मोकळ्या मालकीची की सरकारी अटींची. वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा आला.

इतर हक्कात 'कु.का. (कूळ कायदा) कलम ४३ ला पात्र' असं दिसलं तर ती कुळाला मिळालेली जमीन. त्याच कायद्याच्या कलम ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ही अट निघते. रक्कम ऐकून लोक दचकतात, पण साराच दीड-दोन रुपये असतो, तेव्हा चाळीस पट म्हणजे चहापाण्याचे पैसे. खर्च पैशाचा नाही, हेलपाट्यांचा आहे. मूळ ३२-म चा कागद सापडत नसेल तर तहसीलच्या कूळकायदा शाखेत नक्कल मागा.

'खाजगी वने' किंवा 'राखीव वन' अशी नोंद ठाणे जिल्ह्यात जागोजागी सापडते. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यातून ती आली आहे. नोंद असेल तर वनखात्याचा निकाल होईपर्यंत एक वीटही रचू नका. 'आदिवासी' नोंद असली तर खातेदाराला स्वतःसाठी घर बांधायला आडकाठी नाही, पण बिगर-आदिवासीला जागा विकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी लागते. बिल्डरशी तोंडी भागीदारी करून हा नियम चुकवता येतो, असं सांगणारे भेटतील. तो व्यवहार टिकत नाही. समृद्धी, बुलेट ट्रेन किंवा मुंबई-वडोदरा महामार्गाच्या जवळपास असाल तर संपादनाची नोंद, गॅसवाहिनी किंवा जलवाहिनीचा वापरहक्क हेही याच रकान्यात शोधा.

आता नावं. सातबाऱ्यावर आजोबा, दोन काका, वारलेल्या आत्याची मुलं असे अकरा सहहिस्सेदार असतील तर प्रत्येकाची संमती लागते. "आत्यांनी कधीच हिस्सा मागितला नाही" हे कागदावर चालत नाही. आत्या आणि बहिणी स्वखुशीने हक्क सोडत असतील तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरीचा कागद फेरफाराला (हक्क बदलाच्या नोंदीला) पुरत नाही. संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, मात्र तुकडेबंदी लागू असेल तिथे शेतजमिनीचे तुकडे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होऊ शकत नाहीत: जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. म्हणून १४ गुंठ्यांचे दोन सात-सात करून मग बिनशेती करायला जाऊ नका. आधी अख्ख्या क्षेत्राची बिनशेती आणि रेखांकन (भूखंड आणि रस्ते पाडलेला नकाशा) मंजूर करा, मग मंजूर भूखंड वाटून घ्या. हा क्रम उलटा झाला की फेरफार रद्द होतो आणि वर्ष वाया जातं.

मोजणी, मग नकाशा

आर्किटेक्टला बोलावण्याआधी हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. बांध दरवर्षी नांगराने हात-हात सरकत असतो आणि गोठा बांधताना कोणी मोजणीदार आणलेला नसतो. गोठ्याची मागची भिंत शेजाऱ्याच्या गटात तीन फूट शिरलेली निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट. शेजारी इतकी वर्षं गप्प होता, कारण गोठा होता. पाया खणायला जेसीबी आला की तो हरकत घेतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांना हजर ठेवा, खुणांचे दगड त्यांच्या समोर रोवून घ्या आणि दगडांचे फोटो काढा.

मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली एकात्मिक नियमावली, जिला कार्यालयांत सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात, डिसेंबर २०२० पासून अमलात आहे. नकाशा तिच्यानुसार काढायचा. महापालिकेच्या दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१०, म्हणजे ३०० चौरस मीटर भूखंडावर ३३० चौरस मीटर बांधकाम. गावठाणाचे नियम वेगळे आणि तिथे समास (घराभोवतीची मोकळी जागा) कमी सोडावे लागतात. पण एवढं चटईक्षेत्र कागदावर मिळालं तरी रस्ता अरुंद असेल तर ते जागेवर बसत नाही. रस्त्याला पोहोच हीच गोठ्याच्या जागेची सगळ्यात मोठी अडचण. गोठ्याला बैलगाडीची वाट पुरत होती, आणि ती वाट बहुतेकदा दुसऱ्याच्या शेतातून, वहिवाटीने. घराला नोंदलेला पोहोच रस्ता दाखवावा लागतो. वाट ज्याच्या गटातून जाते त्याच्याकडून नोंदणीकृत रस्ता हक्काचा करार करा आणि तो दोन्ही सातबाऱ्यांवर चढवून घ्या. काकांच्या शब्दावर थांबू नका, पुढे चुलतभावांशी गाठ असते.

घरं तीन-चार असतील तर रेखांकन करावं लागतं. आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत साधारण नऊ मीटर रुंद धरा, आणि एकूण जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर १० टक्के मोकळी जागा. बाहेरच्यांना विकायची घरं असतील तर महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) हेही बघा: जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणी लागत नाही.

नकाशात सांडपाण्याची व्यवस्था दाखवावी लागते, आणि भातखाचराच्या जमिनीत ती नुसती दाखवून भागत नाही. सेप्टिक टाकी किमान ७५ सेंटीमीटर रुंद, पाण्याच्या पातळीखाली एक मीटर खोल आणि एक घनमीटर क्षमतेची हवी. दोन घरांतल्या दहा माणसांना, दर दोन वर्षांनी उपसायची या हिशेबाने, आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.४ मीटर पाण्याची खोली धरा, वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब. श्रावणात आपल्याकडे खाचरात पाणी हातभर खाली असतं, तेव्हा शोषखड्डा शोषत नाही, उलट भरून टाकीत परततो. जागेतला सगळ्यात उंच कोपरा त्याच्यासाठी राखा, मग घर. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे.

गोठ्यामागचा आंबा किंवा चिंच आड येत असेल तर शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ग्रामीण भागात १९६४ चा वेगळा कायदा आहे. त्यापेक्षा घर चार फूट सरकवलेलं परवडतं.

प्रस्ताव

मालकीचा ताजा उतारा, फेरफार, 'क' प्रत, झोन दाखला, सनद किंवा बिनशेतीचं चलन, सहहिस्सेदारांची संमती, पोहोच रस्त्याचा कागद, जुन्या गोठ्याची आठ नंबरची नोंद, जागेचे चारही बाजूंचे फोटो, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल अभियंत्याची नेमणूकपत्रं. प्रस्ताव ऑनलाइन, आर्किटेक्टच्या लॉगिनमधून जातो. ईमेल आणि मोबाइल नंबर मात्र तुमचा टाकायला सांगा. त्रुटीपत्र आर्किटेक्टच्या इनबॉक्समध्ये दोन महिने पडून राहिल्याने प्रस्ताव निकाली निघतात.

जुना गोठा नकाशात पिवळ्या रंगात 'पाडावयाचा' म्हणून दाखवा. तो लपवला तर जागापाहणीत कनिष्ठ अभियंता 'जागेवर बांधकाम आढळले' असा शेरा मारतो, आणि तो पुसायला दंडाची प्रक्रिया मागे लागते.

महापालिका क्षेत्रात निवासी वापरासाठी विकास शुल्काचा मूळ दर जमिनीच्या रेडी रेकनर मूल्याच्या (सरकारने ठरवलेल्या किमतीच्या) अर्धा टक्का आणि बांधकामासाठी दोन टक्के आहे. छाननी शुल्क आणि अनामत वेगळी. बांधकाम कामगार उपकर खर्चाच्या एक टक्का. स्वतः राहण्यासाठीचं घर ठरावीक खर्चाच्या आतलं असेल तर तो नाही. नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं, पण नकाशा नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच. बारीकशी चूक असली तरी हे मानीव संरक्षण जातं, म्हणून त्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा पंचावन्नाव्या दिवशी कार्यालयात जाऊन या.

पाडणं आणि पाया

प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) हातात येईपर्यंत गोठा पाडू नका. मंजुरी लांबली तर वैरण आणि अवजारं पावसात जातात, आणि जुन्या बांधकामाचा जागेवरचा पुरावाही.

छपराचे जुने राखाडी सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडू नका. पाण्याने भिजवा, हूक कापा, पत्रा अख्खा उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कामगारांना चांगल्या दर्जाचे मास्क द्या. राडारोडा खाडीत किंवा ओढ्यात टाकला तर दंड मालकाला होतो, ट्रॅक्टरवाल्याला नाही.

आता जमीन. गोठ्याच्या कोब्याखालची माती वर्षानुवर्षं मूत पिऊन काळी आणि मऊ झालेली असते. त्यातले क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतात आणि जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा फुटतो. रंग कितीही चांगला लावा, तो पापुद्र्यासारखा निघतो. युरिया किंवा सुफलाची पोती ठेवायची खोली याहून वाईट, तिथले क्षार लोखंडही खातात. म्हणून ही माती किमान दीड ते दोन फूट, काळा थर आणि वास संपेपर्यंत खरवडून शेतात टाका. तिथे ती सोन्यासारखी आहे. मग मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस करून भरा, आणि जोत्यावर ओलावा रोखणारा थर न चुकता द्या.

उकिरडा आणि गोबरगॅसचा खड्डा नेमका कुठे होता हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून चुन्याने आखून घ्या. बुजवलेला उकिरडा वरून दिसत नाही. घराचा एक कोपरा त्यावर आला की दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग सुटते. तिथला पाया मूळ मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत उतरवायचा, नाहीतर घर सरकवायचं.

जोता, भोगवटा, मीटर

परवानगी एक वर्षाची असते. त्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि एकूण मर्यादा चार वर्षांची. बिनशेती वापर सुरू केल्याची तारीख ३० दिवसांच्या आत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवा. जोत्यापर्यंत काम आलं की थांबा, आर्किटेक्टकडून जोत्याचा दाखला द्या आणि मगच भिंती उचला. जोता एखादा फूट सरकला असेल तर तो इथे सुधारतो. स्लॅब पडल्यावर सुधारित नकाशा आणि दंड, दुसरा इलाज नाही.

काम सुरू असताना गोठ्याच्या शेतीपंपाच्या जोडणीवरून मिक्सर आणि दिवे चालवू नका. महावितरणच्या लेखी तो वीज कायद्याच्या कलम १२६ खालचा अनधिकृत वापर आहे आणि बिल दुप्पट दराने येतं. तात्पुरती जोडणी घ्या. भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यावर प्रत्येक घराचं वेगळं निवासी मीटर मागा, गोठ्याची जुनी आकारणी बंद करून घराची नवी करा, आणि बिनशेतीची नोंद सातबाऱ्यावर चढली का ते फेरफार मंजूर झाल्यावर नव्या उताऱ्यात स्वतः वाचा. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता बँक बहुतेक वेळा भोगवटा प्रमाणपत्र बघितल्यावरच सोडते, तेव्हा रंगकाम करणाऱ्याला शब्द देण्याआधी तो अर्ज टाकून ठेवा.